वादळचा आठवा संग्रह

रेकॉर्डच्या दुकानात शिरलं की छकुलीचं पहिलं काम ठरलेलं असे. दुकानदाराची पाठ फिरली की सवलतीच्या खोक्यात हात घालायचा, ‘वादळची सर्वोत्तम गाणी’ शोधून काढायची आणि थेट समोरच्या मांडणीत, आजच्या गाजलेल्या गायकांच्या नाकावर टिच्चून उभी करायची. मग दोन पावलं मागे सरून डोळे भरून बघायचं. रॉक अँड रोलच्या पहिल्या दिवसांत ज्याने गावंच्या गावं नाचवली, तो वादळ म्हणजे तिचे बाबा. खोक्यात पडून राहायला ते काही कुणाचे जुने मोजे नव्हते!

छकुली हे नावही बाबांनीच ठेवलेलं. आता ती चष्म्याच्या दुकानात लोकांचे डोळे तपासत होती, उंचीने बाबांनाही मागे टाकून बसली होती, पण पाळण्यातलं नाव काही सुटलं नव्हतं. स्वभाव मात्र नावाला साजेसा अजिबात नव्हता. नाकावर माशी बसू द्यायची नाही, आणि बाबांच्या नाकावर तर मुळीच नाही.

त्या दुपारी बाहेर पाऊस भुरभुरत होता आणि दुकानात गर्दी नव्हती. तिने एक रेकॉर्ड मांडणीत लावली आणि दुसरी काढायला वळली. परत येऊन बघते तो पहिली गायब! ती खोक्यात, सगळ्यात तळाशी. तिने पुन्हा वर आणली. कुठल्याशा बाहीतून एक लांब हात आला आणि रेकॉर्ड अलगद उचलून निघाला. छकुलीने दुसरं टोक घट्ट धरलं.

“अहो! काय चाललंय तुमचं?”

“हेच मी विचारणार होतो.” भिजलेल्या केसांचा एक तरुण शांतपणे म्हणाला. “मघापासून मी ठेवतोय आणि तुम्ही काढताय.”

“ही समोरच राहणार.”

“ही? ही खोक्यातसुद्धा ठेवू नये. वादळचा अपमान आहे हा.”

छकुलीला वाटलं, आपण नीट ऐकलं नाही. “अपमान?”

“फोटो बघा. विशीतला. आणि आत ‘पाय ऐकत नाहीत’ हे गाणं कुठलं आहे? चाळिशी उलटल्यावर परत गाऊन घेतलेलं. स्वतःचीच नक्कल! मूळ रेकॉर्ड ऐकलीय तुम्ही? तो आवाज... तो आवाज ऐकून मी शाळेच्या बाकावर चढून नाचलो होतो. मुख्याध्यापकांसमोर.” बोलता बोलता त्याचे डोळे चमकायला लागले होते. “घरी मला दातांचा डॉक्टर करायचं ठरलं होतं. वादळपायी मी ध्वनिमुद्रक झालो.”

“दातांचे डॉक्टरच व्हायला हवं होतंत,” छकुली म्हणाली. “लोकांच्या तोंडातलं काढून घ्यायची हौस दिसते. ते माझे बाबा आहेत.”

त्याने रेकॉर्ड सोडली. आधी कान लाल झाले, मग मान, मग सगळाच चेहरा. आता हा पाय धरेल, असं छकुलीला वाटलं.

“मी... माफ करा,” तो म्हणाला.

“मागे घेतलंत?”

“मोठ्या आवाजात बोललो, त्याची माफी. पण जे बोललो ते...” तो घुटमळला. “ते मागे घेता येत नाही हो. कानांना जे वाटतं ते वाटतं.”

आणि मग, आगीत तेल ओतायचं तेवढं राहिलं होतं म्हणून की काय, त्याने सांगून टाकलं की वादळच्या नव्या संग्रहाचं काम त्याच्याकडेच आहे.

आता त्या संग्रहाविषयी सांगायला हवं. वादळच्या गाजलेल्या गाण्यांचे सात संग्रह निघाले होते. गाणी तीच, फोटो तोच, फक्त फोटोमागचा रंग बदलायचा. सातही संग्रहांत ‘पाय ऐकत नाहीत’ दुसऱ्यांदा गायलेलं होतं, कारण पहिली टेप दुसऱ्या कंपनीकडे अडकली होती. त्यावरून टीकाकारांनी काय काय लिहिलं नव्हतं! ‘म्हातारा स्वतःच्या तारुण्याची नक्कल करतो’ हे वाक्य तर छकुलीच्या काळजात रुतून बसलं होतं. त्या दुसऱ्यांदा गायलेल्या गाण्यावर ती लहानाची मोठी झाली होती, तिच्यासाठी तोच बाबांचा आवाज होता. आता जुनी टेप हाती लागली होती आणि आठवा संग्रह निघत होता. बाबांच्या गळ्याने दगा दिल्यापासून त्यांचं गाणं बंद झालं होतं, तेव्हा हा शेवटचाच. या शेवटच्या संग्रहात तरी कुणी बाबांच्या आवाजाला खोटं म्हणू नये, एवढंच तिला हवं होतं. आणि तो संग्रह कुणाच्या हातात? या लांबहात्याच्या!

“रविवारी घरी या,” ती म्हणाली. “नक्कल काय ते बाबांना तोंडावर सांगा. आहे हिंमत?”

“नाही,” तो म्हणाला. “पण येतो.”

रविवारच्या आधी कुठूनसा पत्ता काढून तो चष्म्याच्या दुकानात उगवला. डोळे तपासायचे होते म्हणे! छकुलीने त्याला खुर्चीत बसवलं आणि तक्त्यावरची अक्षरं वाचायला लावली. पठ्ठ्याने शेवटच्या ओळीतली मुंगीएवढी अक्षरंही घडाघडा वाचली.

“डोळे ठणठणीत आहेत. का आलात?”

“विचारायला... तुमच्या बाबांना काय आवडतं? रिकाम्या हाताने कसं यायचं?”

“खरं बोललेलं आवडतं.”

“मग बरं आहे. तेवढंच आहे माझ्याकडे.”

छकुलीने चाचणीची भिंगं त्याच्या नाकावरून उतरवली. इतक्या जवळून त्याच्या पापण्या लांब दिसत होत्या. कामात असताना पापण्यांकडे लक्ष जायचं तिला काही कारण नव्हतं, म्हणून ती स्वतःवरच चिडली.

“कंपनीत सगळे मला कानसेन म्हणतात,” तो जाताना दारातून म्हणाला. “तुम्हीही म्हटलं तर चालेल.”

“मी काय म्हणते ते तुम्ही न ऐकलेलंच बरं,” छकुली म्हणाली. तो गेल्यावर मात्र ती तक्त्याकडे बघत उगाच हसत बसली. याला एक शब्द खोटा बोलून तिला खूश करता आलं असतं. बोलला नाही. तिला त्याचा राग यायला हवा होता, आणि यायचं नाव घेत नव्हता.

रविवारी बाबा ठेवणीतला शर्ट घालून बसले होते. आई गेल्यापासून घरात दोघंच, त्यामुळे पाहुणा म्हणजे त्यांना पर्वणी. कानसेनने दारातच “सर...” म्हणून सुरुवात केली.

“सर म्हटलं की मला शाळा आठवते, आणि शाळेत मी नापास होत होतो. काका म्हण. बस. छकुली सांगत होती, माझं दुसरं गाणं तुला नक्कल वाटतं?”

कानसेनने एकदा छकुलीकडे बघितलं. “हो, काका. पहिल्यात जी धार आहे ती दुसऱ्यात नाही. तुमच्या त्या पहिल्या आवाजाने मला घडवलंय. तोच या संग्रहात जावा असं वाटतं मला.”

छकुलीला वाटलं, बाबांचा चेहरा पडेल. त्यांचे दोन्ही खांदे हलायला लागले. ते हसत होते!

“लाव ती पहिली रेकॉर्ड,” ते म्हणाले आणि उठून पियानोपाशी गेले.

गाणं सुरू झालं. बाबांनी पियानोवर बोट ठेवलं, मग शेजारचा दुसरा सूर लावून बघितला. एक खाली, एक वर. रेकॉर्डमधला सूर कुठल्याच पट्टीवर बसेना, दोन्हींच्या मधेच लटकून राहिला.

“कान तयार आहेत ना तुझे? मग हे कसं काय रे?”

“ते मला माहीत होतं,” कानसेन गोंधळून म्हणाला. “मला वाटायचं, त्या स्टुडिओतला पियानोच चढा लावलेला असेल. मला तर त्याचंच फार कौतुक...”

“पियानो अगदी बरोबर होता. टेप जोरात पळवली होती.” बाबांनी रेकॉर्डवरची सुई उचलली. “रेकॉर्ड कंपनीचा मालक म्हणाला, पोरगा बावीसचा आहे पण आवाज थोराड लागतो, पोरींना आवडायचा नाही. मग टेप जराशी जोरात फिरवून दुसऱ्या टेपवर उतरवली, तीच ठेवली आणि तिच्यावरून रेकॉर्ड काढली. झाला आवाज कोवळा! गाणं असं गाजलं की विचारू नका. आणि मी जिथे जाईन तिथे लोक म्हणायचे, रेकॉर्डसारखं नाही गात हा. कसं गाणार? तसं गाणारा माणूस जन्मालाच आला नव्हता.”

बाबांनी पियानोचं झाकण हळूच बंद केलं.

“म्हणून परत गायलो. म्हटलं, एक तरी रेकॉर्ड माझ्या गळ्याची असू दे. तर लोकांनी तिला नक्कल म्हटलं.”

“बाबा, कधी बोलला नाहीत!” छकुली म्हणाली.

“कुणाला सांगू? लोक त्या गाण्यावर प्रेमात पडले, त्यांची लग्नं झाली. त्यांना काय सांगायचं, तुमच्या गाण्यात खोट आहे म्हणून? मी मानी माणूस आहे, बाळ. रडगाणं मला कधी गाता आलं नाही.”

छकुलीने कानसेनकडे बघितलं. तो मान खाली घालून बसला होता, आणि त्याच्या त्या वाचून-वाचून ठणठणीत ठरलेल्या डोळ्यांत पाणी होतं. “काका,” तो म्हणाला, “मी तुमचाच खरा आवाज खोक्यात टाकत होतो.” मग चहा अर्धा टाकून तो निघाला. जाताना छकुलीला एवढंच म्हणाला, “मला थोडे दिवस द्या. आणि... माझ्यावर चिडून राहू नका. म्हणजे, राहा हवं तर. पण स्टुडिओत या.”

थोड्या दिवसांनी ती गेली. बाबांचा हात धरून कंपनीच्या स्टुडिओत पोहोचली तेव्हा कानसेन यंत्रासमोर बसला होता. दाढी वाढलेली, शर्टाची बटणं वरखाली लागलेली. त्याने बाबांना खुर्ची दिली आणि काही न बोलता कळ दाबली.

‘पाय ऐकत नाहीत’ सुरू झालं. गाणं किंचित सावकाश झालं होतं, आणि आवाज खाली उतरला होता. खाली, छातीत, जिथे तो असायला हवा तिथे. कोवळा मुलगा कुठच्या कुठे गेला आणि त्याच्या जागी एक धिप्पाड, हसरा, मस्तीत आलेला तरुण गाऊ लागला. छकुलीच्या अंगावर काटा आला. तापात उशाशी बसून गुणगुणणारा, रागावताना गडगडणारा, हाच तो आवाज! बाबा आपल्या जन्माच्या कितीतरी आधीही बाबाच होते, हे तिला पहिल्यांदा ऐकू आलं. अभिमानाने ऊर भरून येणं म्हणजे काय ते तिला तेव्हा कळलं.

बाबांनी डोळे पुसले नाहीत, तसेच वाहू दिले. “बरा गातो हा पोरगा,” ते म्हणाले.

“काकांच्या पियानोच्या सुराला सूर जुळेपर्यंत गती उतरवत गेलो,” कानसेन म्हणाला. “पण संग्रहात मी दुसरंच घालणार आहे. चाळिशीतलं. ते काकांनी स्वतःच्या मनाने गायलेलं आहे.”

“डोकं फिरलंय का तुमचं?” छकुली उसळली. “हे ऐकल्यावर? हेच जायला हवं!”

“तुम्हीच तर म्हणत होतात...”

“तेव्हा म्हणत होते! आता हे म्हणते!”

“पण त्या रेकॉर्डचा जो अपमान मी केला...”

“मग दोन्ही घाला! शेजारी शेजारी! ऐकू दे जगाला, गळा एकच आहे म्हणून!”

“हे मला सुचलं नाही,” तो हळूच म्हणाला.

“तुला कान दिलेत देवाने. बाकीचं मी बघत जाईन ना...” आणि आपण काय बोलून गेलो ते कळून छकुली मधेच थांबली. ‘तुम्ही’चं ‘तू’ कधी झालं, तेही कळलं नव्हतं.

“बघत जाशील?” कानसेनने विचारलं. “म्हणजे... कायमचं?”

ती काही बोलणार, तेवढ्यात दार उघडून कंपनीच्या मॅडम आत आल्या. बाहेरून त्यांनी गाणं ऐकलं होतं आणि कपाळावर आठी होती. “हे काय केलंय गाण्याचं? सगळं जग ज्या गतीने ऐकत आलंय ती गती बदलायची? कुणाला विचारून? मोडतोड करून संग्रह बाहेर जाणार नाही.”

“मोडलेलं होतं, ते नीट केलंय, मॅडम,” कानसेन उठून उभा राहिला. “दोन्ही गाणी अशीच जातील. नाहीतर या संग्रहावर माझं नाव नको, आणि या खोलीची किल्ली ही घ्या.” त्याने खरंच किल्ली टेबलावर ठेवली.

मॅडमनी बाबांकडे वळून विचारलं, “तुम्हाला हे चालणार आहे? कोण आहे हा, तुमच्या आवाजाचा निवाडा करणारा?”

वादळ खुर्चीतून उठला. कितीतरी वर्षांत तो इतका ताठ उभा राहिला नव्हता.

“गाणारा मी आहे, आणि तो माझाच आवाज आहे, हे मी सांगतो,” तो म्हणाला. “छापा खुशाल. आणि हा कोण म्हणाल, तर आमचा जावई.”

कानसेनचे कान लाल झाले, मग मान, मग सगळा चेहरा. मॅडम छकुलीकडे बघू लागल्या. बाबाही बघू लागले, आणि पहिल्यांदाच जरा घाबरल्यासारखे दिसले.

“का गं छकुली? चुकलं का माझं काही?”

छकुलीने टेबलावरची किल्ली उचलली, कानसेनच्या तळहातावर ठेवली, आणि त्याची मूठ आपल्या दोन्ही हातांनी मिटून घेतली.

“काही चुकलं नाही, बाबा,” ती म्हणाली.