सरासरी सहा

अकरा वाजता तिने तापाच्या रुग्णांची घरं शहराच्या नकाशावर मांडली. दोनशे बारा ठिपके. आरोग्य कार्यालयात तिला सगळे आकडेबाई म्हणत, आणि हे नाव काही प्रेमाने पडलेलं नव्हतं.

ठिपके पुंजक्यांनी बसले होते. एक पुंजका तिच्या ताईच्या गल्लीत. सहा घरांची गल्ली. पाच तापाने पडलेली, सहावं ताईचं, अजून धडधाकट.

तिचं प्रारूप, म्हणजे ताप कसा पसरतो त्याचं गणित, असं मानायचं, की प्रत्येक पुंजक्याला एक आई असते. ती नकाशावर कधीच नसते. दिसतात ती पिल्लं, म्हणजे रुग्णांची घरं. मग सॉफ्टवेअर दोन रेघा काढायचं. अखंड रेघ रुग्णांची, तुटक प्रारूपाची. जुळल्या तर प्रारूपावर विश्वास ठेवायचा.

आकृती एक. जुळल्या नाहीत.

"शेंबड्या पोरालाही दिसेल," मागे उभे राहिलेले साहेब म्हणाले, "रेघा दोन दिशांना चालल्यात."

"ताप तुमच्या हुकमाने पसरत नाही, साहेब."

"जीभ चालते तेवढा हात चालवा. आज जुळवा, नाहीतर टेबल रिकामं करा."

साहेब वळले तशी तिने दात-ओठ खात आकडा हाताने भरला. दर पुंजक्याला पिल्लं, सरासरी सहा. निघू दे काय वेडंवाकडं निघायचं ते!

आकृती दोन. तुटक रेघ वर उडाली. तिच्यामागोमाग अखंडही चढली.

अखंड रेघ चढायला नको होती. ती रुग्णांवरून निघते, प्रारूपाशी तिचं काही देणंघेणं नसतं. तिने ठिपके मोजले. दोनशे एकोणीस. आकृती पुन्हा काढली. दोनशे एकतीस. फाइल कुलूपबंद होती आणि परवलीचा शब्द एकट्या तिला ठाऊक.

तीन वाजता कारकून चिठ्ठ्यांचा गठ्ठा आपटून गेला. "नवे रुग्ण. जेवायच्या सुट्टीनंतर फोन थांबत नाहीत. तुमचं आपलं चित्रं काढणं चालू द्या."

एकोणीस चिठ्ठ्या. एकोणीसही घरं नकाशावर आधीच होती.

सरासरी सहा म्हणजे कुठे चार, कुठे नऊ. इथे नव्याने भरलेल्या प्रत्येक पुंजक्यात नेमके सहा.

ताईची गल्ली अजून पाचावर होती.

सहा खोडून पाच लिहायला तिचा हात गेला आणि थबकला. त्या पाचांत ताई नसेल कशावरून?

तिने शून्य लिहिलं. एरवी सॉफ्टवेअर शून्यावर अडून बसतं. आज मुकाट्याने घेतलं.

आकृती तीन.

नकाशा कोरा.

दोन्ही रेघा तळाशी, एकीवर एक.

"हे सकाळीच करता येत नव्हतं?" साहेबांनी कागद ओढून घेतला. कोऱ्या नकाशाकडे त्यांनी पाहिलंही नाही.

तिने ताईला फोन लावला.

"बरी आहेस ना गं?"

"मला काय धाड भरलीय?"

"आणि शेजारचे?"



"कुठले शेजारचे? या गल्लीत पहिल्यापासून आम्हीच तर आहोत."

तिच्या आवाजामागे वाऱ्यावर दारं आपटत होती. एकामागून एक, पाच.