मल्लाप्पाचा स्विच

भुतं रात्रीच येतात असं कुणी सांगितलं तुम्हाला? बंगळुरातल्या पीण्या औद्योगिक वसाहतीतल्या त्या बंद कारखान्यात आलं ते भर दुपारी. शेजारच्या शेडमध्ये लेथ मशीनचा खडखडाट चालू होता.

शाल्मली मूळची पुण्याची, बेळ्ळंदूरला सॉफ्टवेअर कंपनीत. जुन्या कॉम्प्युटरांचं तिला भारी वेड. कारखान्याचा मालक अभिजीत बेळगावकडचा. तिथं पडून असलेल्या जुन्या कॉम्प्युटरबद्दल त्यानं सरळ सांगून टाकलं होतं, "चालू करून दाखवा आणि फुकट न्या, अक्का. नाहीतर संध्याकाळी भंगारवाला येणार हाय."

कपाटाएवढं धूड ते! असली मशीन्स आपणहून जागी होत नाहीत. पुढच्या पट्टीवरचे स्विच वरखाली करून पहिल्या सूचना हातानं भरवाव्या लागतात, मग ते कागदी फीत ओढून पुढचं वाचतं. शाल्मलीनं सूचना भरवली. कडेचा दिवा उगाचच पेटलेला. खाली केलेला स्विच वर.

तिनं पुन्हा खाली केला. टक्... पुन्हा वर.

वीज बंद करून तिनं पट्टी उघडली. स्विचमध्ये कुंकू साचलेलं.

"मल्लाप्पानं लावलेलं," अभिजीत दारातूनच म्हणाला. "आमचा ऑपरेटर. दर दसऱ्याच्या आयुधपूजेला एकेका स्विचला लावायचा. दुसऱ्या कुणाला हात लावू द्यायचा नाही. ह्याच्यापुढच्या खुर्चीतच गेला ओ... तवापासनं कुणालाच चालू होईना."

"होणार कसं? पूजा करा, पण मशीनच्या नाकातोंडात कुंकू कशाला?" शाल्मली करवादली आणि पुसायला लागली. कुंकू ओलं होतं. बोटाला कापराचा वास आला.

"अक्का... राहू द्या की..."

"राहू द्या काय? भंगारात जाऊ दे?"

तिनं वीज चालू केली. स्विच खाली. टक्... वर. मानेवरचा केस न् केस उभा राहिला तिच्या. पण पोरगी हट्टी, भीतीपेक्षा राग मोठा!

"मल्लाप्पाअण्णा, ऐका," ती पट्टीशी तोंड नेऊन म्हणाली. "तुम्ही असेच अडून बसलात तर संध्याकाळी ह्याचे घणानं तुकडे होतील. मी न्यायला आलेय, मोडायला नाही. आणि मी काही हटत नाही, सांगून ठेवते!"

तिनं अंगठ्यानं स्विच दाबून धरला. खालून कुणीतरी रेटत होतं. ती स्प्रिंग नव्हती... स्प्रिंग अशी थरथरत नाही. तिनं अंगठा उचलला नाही. दुसऱ्या हातानं एकेक सूचना भरवत गेली. हळूहळू खालचा रेटा सैल पडला. तिनं 'स्टार्ट' दाबलं.

फीत सरकली. टेलिप्रिंटर धडधडला.

"चालू झालं!" ती ओरडली. अभिजीत मटकन पायरीवर बसला.

तिनं टेम्पो बोलावला. त्याच्याबरोबर हमाल आले तिघंच. चौथा कोपरा धरायला अभिजीतला हाक मारली, तर तो जागचा हलेना. तिघांनी आपापले कोपरे धरून नुसता अंदाज घ्यायला जोर लावला, आणि कपाट अलगद उचललं गेलं. चौथा कोपराही उचलला होता. तिथं कुणीच नव्हतं.

बेळ्ळंदूरच्या फ्लॅटमध्ये शाल्मली एकटी राहते, आणि आता हे तिच्या घरी येणार होतं. पण सोडून जायचं? छे!

"स्वल्प सावकाश, अण्णा," ती म्हणाली. "पुढे उंबरा आहे."

उंबऱ्यापाशी तो कोपरा आधी वर झाला.