तांब्याच्या खोलीतली जादा नळी

सोलापूरच्या होटगी रस्त्यावर गाव संपल्यावर, विमानतळाच्या अलीकडे, एका सरकारी खात्याची बसकी इमारत होती. येणाऱ्याजाणाऱ्याला ती धान्याचं गोदाम वाटे. तिच्या मधोमध एक खोली होती. खोलीला खिडकी नव्हती. भिंती, छत, जमीन आणि दाराची आतली बाजू तांब्याच्या पत्र्याने मढवलेली होती आणि पत्र्याचा प्रत्येक सांधा वितळलेल्या कथलाचा डाक देऊन बंद केलेला होता. आत पुढे काय चालणार हे कामावरच्या कुणालाच सांगितलेलं नव्हतं. दार लावल्यावर बाहेरची एकही रेडिओलहर आत येता कामा नये आणि आतली बाहेर जाता कामा नये, एवढंच बजावून सांगितलं होतं.

अशी खोली बांधणं फारसं अवघड नाही. अवघड असतं ते तिच्यात वीज, टेलिफोन आणि हवा नेणं. एक जरी उघडी तार भिंतीतून आरपार गेली, तरी ती बाहेरचं सगळं जग हाताला धरून आत आणते. म्हणून विजेची तार आधी भिंतीवरच्या लोखंडी डब्यात शिरे, तिथे गाळली जाई आणि मगच आत येई. हवेच्या वाटेवर मधाच्या पोळ्यासारखी पितळी जाळी होती. हे सगळं काम शिवयोगी बिराजदारांनी केलं होतं. शहात्तर सालच्या कार्तिकात, काम संपत आलेलं असताना, ते एका सकाळी पूजेला बसले आणि बसल्या जागी गेले. समाजाच्या रीतीप्रमाणे त्यांना बसवूनच पुरलं.

खोली ताब्यात देण्याचं काम मग महानंदाकडे आलं. ती त्यांची एकुलती मुलगी, कॉलेजच्या पदार्थविज्ञानाच्या प्रयोगशाळेत नोकरीला होती. वडिलांच्या हाताखाली ती फ्रॉक घालायच्या वयापासून राबली होती, त्यामुळे तारा आणि नळ्या तिला परक्या नव्हत्या. मदतीला धोंडीराम होता. हा सांगोल्याकडचा, अप्पांचा म्हणजे तिच्या वडिलांचा जुना वायरमन. अप्पा गेल्यापासून तो तिला नावाने हाक मारेनासा झाला होता, अक्का म्हणायला लागला होता.

मार्गशीर्षात पुण्याहून केळवकर नावाचे इंजिनिअर खोली तपासायला आले. तपासायची रीत साधी होती. एक ट्रान्झिस्टर चालू करायचा, तो घेऊन आत जायचं आणि दार लावायचं. खोली चांगली असेल तर रेडिओ मुका होतो. धोंडीराम म्हणाला की साहेबांना बातम्या ऐकू येऊ नयेत म्हणून सरकारने एवढं तांबं घातलंय, आमच्या घरी बायको तेच काम फुकटात करते. केळवकर हसले. ते सरळ माणूस होते.

दार लागलं. पुण्याच्या केंद्रावरचं गाणं मध्येच तोडल्यासारखं थांबलं. महानंदाने श्वास सोडला.

मग हळूहळू रेडिओतून दुसराच आवाज यायला लागला. तो खरखरीचा नव्हता. मोकळ्या माळावर वारा असावा आणि तो आपण दुरून ऐकावा, तसा होता. केळवकरांनी काटा या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवला. आवाजात काही फरक पडला नाही. केंद्र सापडलं नाही आणि वाराही थांबला नाही.

बाहेर आल्यावर ते म्हणाले की काय येतंय ते समजत नाही, पण येतंय हे नक्की, आणि येतंय म्हणजे कुठून तरी वाट आहे. शनिवारपर्यंत वाट सापडली नाही तर पत्रा उतरवून भिंत फोडावी लागेल.

"आणि अहवालात मला लिहावं लागेल की नळ्या टाकणाऱ्याच्या कामात दोष राहिला," ते म्हणाले. "वाईट वाटतं. पण ते काम त्यांनी केलं नाही असं कसं लिहू?"

महानंदाने मान हलवली. सोलापुरात गिरण्यांपासून दवाखान्यांपर्यंत लोक म्हणत, बिराजदारांनी टाकलेली लाइन पुन्हा उघडावी लागत नाही. घराच्या भिंतीवर फोटोला हार होता, त्याहून तिला हे वाक्य जवळचं होतं. अप्पांचं म्हणावं असं आता तेवढंच उरलं होतं.

तिने आणि धोंडीरामने एकेक वाट तपासली. डबा, टेलिफोन, जाळी, दाराच्या कडेची पितळी पट्टी, सगळं ठीक होतं. राहिली ती फक्त जादा नळी. पुढेमागे एखादी तार न्यावी लागेल म्हणून पश्चिमेच्या भिंतीत, छातीच्या उंचीवर, अप्पांनी एक लोखंडी नळी बसवून ठेवली होती. बाहेरचं तोंड त्यांनी स्वतः पट्टी ठोकून, झाळून, वरून गिलावा करून बंद केलं होतं. आतल्या तोंडावर आट्यांचं, फिरवून बसणारं झाकण होतं.

झाकणावर ठेवलेला हात महानंदाने मागे घेतला.

तार ओढणाऱ्यांचा एक जुना शिरस्ता आहे. नळी कधी रिकामी ठेवायची नाही. तिच्यात एक पोलादी तार सोडून ठेवायची, म्हणजे उद्या जो माणूस येईल त्याला नवी वायर त्या तारेला बांधून ओढता येते. अप्पांनी जन्मभर हे केलं होतं. मागून येणाऱ्याची सोय न करणारा वायरमन हा त्यांच्या लेखी जेवून ताट न उचलणाऱ्यासारखा. सगळ्या सोलापुरात जी चांगली सवय, ती फक्त या एकाच खोलीत चूक होती. आणि सवयीचा हात खोली बघत नाही.

"घातली असल का हो त्यांनी?" धोंडीरामने विचारलं.

केळवकर जेवायला गावात गेले होते. तार असली तर ते परत यायच्या आत काढून घ्यायची, आतलं तोंड डाक देऊन बंद करायचं आणि कुणाला काही कळू द्यायचं नाही, असं तिने ठरवलं. तरी प्रयोगशाळेत वाढलेलं तिचं मन गप्प बसेना. बाहेरचं तोंड बंद असेल तर आतली तार निरुपद्रवी असते. ती बाहेरचं काही आणू शकत नाही. त्यासाठी ती कुठेतरी बाहेर निघालेली असावी लागते.

तिने धोंडीरामला भिंतीच्या पलीकडे उभं केलं आणि खोलीचं दार उघडं ठेवून झाकण फिरवलं.

तार होती. टोक अप्पांच्याच पद्धतीने आकड्यासारखं वळवलेलं होतं. भिंत हातभर जाडीची, तेव्हा तारही तेवढीच असणार. तिने चिमटीत धरून ओढली. हातभर तार आली. मग आणखी हातभर आली.

ती येतच राहिली. पायाशी एक वेटोळं झालं, त्यावर दुसरं पडलं. नळीतून तार सरकावी म्हणून अप्पा शंखजिऱ्याची पूड फुंकत. तारेला ती पूड लागलेली होती, पांढरी आणि कोरडी. महानंदाच्या बोटांना तिचा गुळगुळीतपणा लागला. उघड्या दारातून दुपारचा उजेड जमिनीवर पडला होता आणि तांब्याने सगळी खोली लालसर दिसत होती.

"धोंडीराम," तिने हाक मारली, "बाहेरची पट्टी बघा."

"जशीच्या तशी हाय की, अक्का. गिलाव्याला चीर बी न्हाय." मग जरा वेळाने, "का वो?"

"तुम्ही काही हलवताय?"

"मी हात खिशात घालून उभा हाय."

तिच्या हातातली तार ताणली गेली.

लहानपणी अप्पा एका टोकाला आणि ती दुसऱ्या टोकाला असे. मध्ये भिंती असत, गिरणीचा आवाज असे. ओरडून काही कळत नसे, म्हणून ते तारेवर बोलत. एक हिसका म्हणजे थांब. दोन म्हणजे बांधलंय, ओढ. हे हिसके अप्पा जोरात देत नसत. मुलीच्या हाताला कापेल म्हणून ते आधी तार किंचित ढिली सोडत आणि मग देत.

तार किंचित ढिली झाली.

मग दोन हिसके आले.

महानंदा हलली नाही. खोलीबाहेर कुठेतरी सायकलची घंटा वाजली. तिने नकळत थोडं ओढलं. आता तारेला वजन होतं. अडकलेल्या वस्तूचं वजन वेगळं असतं, ते ताठ असतं. हे तसं नव्हतं. आडातून भरली घागर वर येताना पाण्याखालीच जशी झुलते, तसं हे झुलत होतं, आणि ओढलं की येत होतं.

नळी तिच्या अंगठ्याएवढी होती.

"अक्का," पलीकडून धोंडीराम म्हणाला. त्याचा आवाज बदलला होता. "भिताडाला कान लावलाय. आत लई लांबवर वारं हाय."

तिने आणखी ओढलं असतं. तिला ओढायचं होतं. महिनाभर ती स्वयंपाकघरात, प्रयोगशाळेत, बसमध्ये याच एका गोष्टीसाठी थांबली होती हे तिला त्या क्षणी समजलं. अप्पांनी काहीतरी बांधलं होतं आणि तिने ओढायचं होतं. आजवर त्यांनी बांधलेलं तिने ओढलं नाही असं झालंच नव्हतं.

बाहेर जीप थांबल्याचा आवाज आला.

तार राहिली तर खोली नापास. भिंत फुटणार, आणि चूक सापडणार, ती अप्पांचीच. तार काढायची तर तिच्या टोकाला जे आहे त्यासकट काढावी लागणार.

तिने तार किंचित ढिली सोडली आणि एक हिसका दिला.

थांब.

वजन थांबलं. लगेच, आज्ञाधारकपणे थांबलं.

मग तिने वेटोळी उचलली आणि तार परत नळीत घालायला लागली. पलीकडून ती घेतली जात होती. हात, दुसरा हात, मग जरा विश्रांती, पुन्हा हात. घाई नव्हती. उजव्या मनगटाला अप्पांसारखी जुनी दुखापत असलेला माणूस असाच ओढतो. सगळी तार गेली. शेवटचा आकडा तिच्या बोटांत राहिला. तो तिने ओढूही दिला नाही आणि सोडलाही नाही.

"बिराजदारबाई?" केळवकरांनी बाहेरून विचारलं.

तिने सोडला.

तिने बॅटरी लावून नळीत पाहिलं. हातभर अंतरावर पट्टीची आतली बाजू दिसत होती. नळी रिकामी होती. तिने तोंडावर तांब्याचा चौकोनी तुकडा ठेवला, चारी कडांना डाक दिला आणि मगच दाराकडे वळली.

दुसऱ्या दिवशी केळवकरांनी रेडिओ आत नेला. दार लागताच तो मुका झाला आणि मुकाच राहिला. त्यांनी आवाज पूर्ण वाढवला, तरी काही नाही. बिराजदारांचं काम बिनचूक आहे असं त्यांनी लिहिलं. वाट कुठे होती, असं त्यांनी एकदा विचारलं. जादा नळी बंद केली, एवढंच महानंदा म्हणाली. बंद नळी बंद केल्याने काय होणार, हे त्यांच्या चेहऱ्यावर आलं, पण त्यांनी ते विचारलं नाही. धोंडीरामने त्या दिवसापासून त्या इमारतीत पाय ठेवला नाही.

खोली ताब्यात द्यायच्या सकाळी नागम्मा चिंच आणि मीठ घेऊन पत्रा घासत होती. शहराच्या पूर्वभागातल्या विणकरांच्या घरातली ही बाई, तोंडाने फटकळ. देवळातली भांडी घासली असती तर पुण्य तरी लागलं असतं, ही कुठली बिनदेवाची गाभाऱ्यासारखी खोली, असं ती पुटपुटत होती. थंडी इतकी होती की दर थोड्या वेळाने ती बोटं काखेत धरायची.

पश्चिमेच्या भिंतीशी मात्र ती रेंगाळली.

"ताई, मी सारखी इथंच येते हात शेकायला," ती म्हणाली. "सगळा पत्रा बर्फ झालाय. एवढीच जागा गरम आहे."

डाक देऊन चार दिवस झाले होते. महानंदा जवळ गेली. नागम्माने बोट दाखवलं तिथे तिने आपला पंजा ठेवला. तांबं कोमट होतं. तिने बोटं पसरली, मग आणखी पसरली. बोटांच्या मधल्या फटींत पत्रा गारच होता.

ऊब तिच्या पाचही बोटांच्या टोकांपलीकडे थोडीशी उरत होती.