बिनहॉर्नची मोटारसायकल

प्रेमदासला मी पहिल्यांदा पाहिले ते पायांकडून. दारातल्या कडुलिंबाला शिडी टेकलेली, चेहरा पानांत हरवलेला आणि हातातली पक्कड नेमकी आमच्या टेलिफोनच्या तारेवर.

"अहो भाऊ, ती तार तोडू नका!"

पाने बाजूला झाली. दोन मिश्कील डोळे खाली वाकले.

"काहून? नवं बिनतारी मशीन आणलंय तुमच्यासाठी. आता तारेचं काय लोणचं घालता?"

"आधी खाली उतरा. मग सांगते."

२००४ सालचा फेब्रुवारी होता. कुरुंद्यात घरोघर हळद शिजत होती आणि तिची उष्ण, उग्र वाफ अंगणापर्यंत येत होती. मी त्याला आत नेले. माझे वडील व्यंकटराव खाटेवर होते. अर्धांगवायूने त्यांची वाचा गेली होती. घरात आम्ही दोघेच. त्यांच्या डाव्या हाताशी एक बटण होते. ते दाबले की घरात घंटा वाजे आणि मी स्वतः जोडलेली पेटी टेलिफोनवरून वसमतच्या तंत्रशाळेचा नंबर लावी. मी तिथे शिकवत होते. निरोप मिळताच निघून येई.

"जुनी तार स्वतःचा करंट टेलिफोन कचेरीतून आणते," मी म्हणाले. "तुमच्या मशीनला घरचा करंट लागतो. तो गेला की?"

"तो तर निम्मा दिवस जातोच…" त्याचे हसू मावळले. "म्हणजे काकांची हाक घरातच अडकली."

"आणि माझी नोकरी सुटली."

"तार ठेवता येत न्हाई मॅडम. खांबच काढून राहिलेत. पण काकांची हाक अडकू देत न्हाई. माझ्यावर सोडा."

त्यानंतर तो रोज संध्याकाळी येऊ लागला. पाराच्या वळणावर त्याच्या मोटारसायकलीचा हॉर्न दोनदा वाजे, आणि मी उगाचच ओढणी सारखी करी… जुनी पेटी टकटक करून नंबर लावी. नव्या मशीनला ती टकटक कळत नव्हती; त्याला प्रत्येक आकड्याचा वेगळा सूर हवा होता. आम्ही दोघांनी पेटीतला तो भाग बदलला.

"भाऊ, ती तार जरा धरता का?"

"धरतो की. पण तेवढं भाऊ म्हणणं काढून टाका मॅडम. बाकी सगळं जोडून देतो."

"मग काय म्हणू?"

"नाव आहे ना! तांड्यावर माझ्या मायनं लई विचार करून ठेवलंय."

मी मान वर केली नाही. सोल्डरचा तो सांधा मात्र बिघडला.

आता उरली होती ती करंट गेल्यावर मशीन आणि पेटी दोन्ही चालवील अशी बॅटरी. वसमतच्या दुकानात ती नव्हती. नांदेडहून माल यायचा होता. माझी रजा रविवारी संपत होती. त्या रविवारी तो गोणपाटात गुंडाळलेली बॅटरी घेऊन आला.

"कचेरीत पडून होती," तो म्हणाला.

मी मेन स्विच बंद केला. बाबांनी बटण दाबले. घंटा वाजली आणि मशीनच्या भोंग्यातून तंत्रशाळेचे पहारेकरी रतनसिंग यांचा आवाज आला, "हॅलो, कोन?"

बाबांच्या डोळ्यांत पाणी आले. मी नुसतीच हात जोडून उभी राहिले.

त्यानंतरही तो चौकशीला येत राहिला, पण हॉर्न मात्र थांबला. एकदम दारातच उभा असे.

"हॉर्न का वाजवत नाही?"

"लोक म्हणतात, लई कल्ला करतो."

मला वाटले, येणे आता केवळ कर्तव्यापुरते राहिले. त्यातच तो म्हणाला, "उद्यापासून काम शिरड शहापूरकडं…"

मी बॅटरीतले पाणी तपासायला गेले. गोणपाट प्रथमच पूर्ण सोडले. बॅटरीवर रस्त्याच्या धुळीचा आणि इंजिनच्या तेलाचा थर होता. मी अंगणात गेले आणि त्याच्या मोटारसायकलीचे बाजूचे झाकण उघडले. बॅटरीची जागा रिकामी होती.

"प्रेमदास… हे काय?"

पहिल्यांदाच नाव घेतले होते. तो गडबडला.

"किक मारली की चालते ती. दिवाबी लागतो. फक्त हॉर्न वाजत न्हाई. काकांचा आवाज चालू राहावा… माझा राहिला बंद, तर काय तकलीफ?"

इतके मोठे काहीतरी माझ्यासाठी कोणी इतक्या गुपचूप केले नव्हते. दुकानात मागवून ठेवलेली नवी बॅटरी नांदेडहून कालच आली होती आणि घरात तशीच पडून होती. मी ती आणली आणि स्वतःच्या हाताने त्याच्या मोटारसायकलीत बसवली.

"अन् माझी जुनी?"

"ती मिळणार नाही. ती या घरची झाली."

"अन्… मी?"

मी पाना खाली ठेवला.

"आधी हॉर्न वाजवा."

त्याने दोनदा वाजवला. घरातून लगेच घंटा वाजली. आम्ही दोघेही धावत आत गेलो.

बाबा अर्ध्या चेहऱ्याने हसत होते. बोट अजून बटणावरच होते. मग ते उचलून त्यांनी आधी प्रेमदासकडे आणि नंतर खाटेवर स्वतःच्या शेजारच्या जागेकडे दाखवले. तो अवघडून बसला. बाबांनी त्याचे मनगट घट्ट धरले.

भोंग्यातून रतनसिंग ओरडत होते, "मॅडम! काय झालं? सगळं बराबर हाय ना?"

प्रेमदास माझ्याकडे पाहत होता.

"हो रतनसिंगकाका," मी म्हणाले. "आता सगळं बराबर आहे."