पांढऱ्या कर्दळीची चोरी

चर्चमधून परतलेल्या नेवेनाने फाटकाची कडी काढली, आणि तिला अंगणात एक अनोळखी पाठ दिसली.

कर्दळीच्या बुंध्याशी कुणीतरी उकिडवा बसला होता, मनगटापर्यंत हात मातीत घालून. धुकं इतकं दाट होतं की पानांवरचे थेंब त्याच्या मानेवर टपटपत होते, आणि त्याला त्याचा पत्ताच नव्हता.

"काही हरवलंय का तुमचं?" तिने विचारलं.

त्याने हळूच मान वळवली. "काय सांगू आता... अजून सापडायचं होतं."

"चोरी करताय."

"करत होतो. तुम्ही लवकर आलात." तो उठून उभा राहिला. "मी दामयान. नदीपलीकडे माझी रोपवाटिका आहे. बसमधून पांढरी कर्दळ दिसली, म्हणून पुढच्या थांब्यावर उतरून मागे चालत आलो."

"मागायचं होतं."

"मागून आणलेलं रोप जगतं का कधी?"

यांत्रा नदीच्या त्या काठाला शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं की रोप चोरूनच न्यावं. मागितलं, किंवा मिळाल्यावर आभार मानले, तर ते मूळ धरत नाही. नेवेनाची आई राइना तर कुणी कर्दळीपाशी रेंगाळलं की म्हणायची, "थांब हं, चुलीवर दूध ठेवलंय," आणि पाठ फिरवून आत जायची. चुलीवर दूध कधीच नसायचं. ती बाहेर यायची तेव्हा कंद शेजारणीच्या एप्रनआड गेलेला असायचा, आणि दोघी शांतपणे हवापाण्याच्या गप्पा मारायच्या.

पण ज्या घरांत ते कंद गेले त्या घरांना आता कुलपं होती. माणसं शहरात गेली आणि कंद जमिनीतच गारठून मेले. लाल-पिवळी कर्दळ दारोदार होती. पांढरी मात्र या एका अंगणात उरली होती, पणजोबांनी हंगेरीतल्या मळ्यावरून कोटाच्या खिशात घालून आणलेली. उमलताना सायीसारखी पिवळसर, आणि दुसऱ्या दिवशी पांढरी होणारी.

आणि आई म्हणाली होती, अगदी शेवटी, "वर्षाच्या दिवशी माझ्या उशाशी लाल नको गं. आपली पांढरी ठेव."

"जागेवर ठेवा तो कंद," नेवेना म्हणाली. "माझ्या आईची आहे. एवढीच राहिलीय."

त्याने फाटकाकडे पाहिलं. तिथे मृत्यूची सूचना म्हणून डकवलेला, काळ्या चौकटीतला आईचा फोटो धुक्याने ओला झाला होता. त्याने टोपी काढली.

"देव त्यांना क्षमा करो," गेलेल्या माणसासाठी म्हणतात तसं तो म्हणाला.

तो पुन्हा खाली बसला आणि मुळांवर माती लोटू लागला. झोपलेल्या लेकराच्या अंगावर पांघरूण घालावं तशी. ते बघून तिचा राग कुठल्या कुठे गेला.

"हात धुऊन घ्या. पाणी आणते."

ती तांब्या घेऊन आली. त्याने हात धुतले, तिच्याकडे पाहिलं, काही बोलायला ओठ उघडले... आणि मिटले. साधे पाण्याचेही आभार न मानता निघून गेला. उद्धटच दिसतोय, तिला वाटलं. पण त्याच्या मानेवरचे ते थेंब संध्याकाळच्या प्रार्थनेतही तिच्या डोळ्यांपुढे आले, आणि तिने पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली.

हिवाळ्यात तो येत राहिला. कधी अक्रोड घेऊन, कधी नुसतीच बस चुकल्याचं सांगत.

एकदा चीज भरलेली, पापुद्र्यांची गरम बानित्सा घेऊन आला.

"आज बुधवार आहे," नेवेना म्हणाली.

"बरं मग?"

"बुधवारी उपास असतो माझा. दूध-चीज चालत नाही."

"शुक्रवारी आणतो."

"शुक्रवारीही असतो."

"तुमच्या देवाने मला सगळे चुकीचे वार वाटून दिलेत."

तिला हसू आलं. डोक्यावरचा सुतकाचा काळा रुमाल पुढे ओढून तिने ते लपवलं. कुंपणापलीकडून त्सोनामावशी ओरडली, "बानित्सा इकडे दे रे. मी म्हातारी आहे, मला देव माफ करतो. आणि तुझी बस बरी रोज आमच्याच दारात चुकते!"

कर्दळीचे कंद नेवेनाने थंडीपुरते काढून तळघरात वाळूच्या पेटीत ठेवले होते, आई ठेवायची तसेच. फक्त एक गोष्ट तिने स्वतःच्या मनाने केली. जानेवारीत नदीत क्रूस टाकतात त्या सणाला तिने बाटली भरून मंत्रलेलं पाणी आणलं, आणि दर शनिवारी, मृतांच्या वारी, आईचं नाव घेऊन ओंजळभर त्या पेटीवर शिंपडलं. एकही शनिवार तिने चुकवला नाही.

वसंतात तिने वाळू उकरली. बोटांना काळा, मऊ चिखल लागला. बाकी काहीच नव्हतं.

दामयान आला तेव्हा ती तळघराच्या पायरीवर बसली होती. तिने नुसते हात पुढे केले. त्याने वास घेतला आणि त्याला कळलं.

"पाणी घातलंस?" नकळत तो एकेरीवर आला होता.

"देवाचं होतं..."

"देवाचं असलं तरी पाणीच गं." तो तिच्याशेजारी बसला. पायरीवरची वाळू बोटाने चाळत राहिला. मग म्हणाला, "नेवेना, मला एक सांगायचंय—"

"नको." ती घाईने म्हणाली. त्याला काय सांगायचंय ते आपल्याला ठाऊक आहे, असं तिला वाटलं होतं. "वर्ष सरेपर्यंत काही बोलू नकोस. मी सुतकात आहे. तिची एक इच्छा होती, तीही माझ्याच हातून..."

तो थांबला. उठताना तिच्या हातांवरचा चिखल त्याने आपल्या रुमालाने पुसला, एकेक बोट. मग तो उन्हाळाभर आलाच नाही. नेवेनाने उपास पाळले, चर्चसाठी पाव भाजले, आणि बसचा आवाज आला की चुलीकडे तोंड फिरवलं.

वर्षाचा दिवस सप्टेंबरात आला. उकडलेले गहू, लाल वाइन आणि पाव घेऊन ती कबरीपाशी गेली. फुलं बाजारातली होती. मेणबत्ती लावून तिने मान खाली घातली. आई, मला माफ कर, एवढंच तिला म्हणता आलं.

"अगं बाई," मागून त्सोनामावशी पुटपुटली.

वाटेवरून दामयान येत होता. त्याच्या हातात पांढऱ्या कर्दळीचे तीन दांडे होते.

नेवेना एक पाऊल पुढे आली.

"मेल्या माणसाला जोडीने फुलं वाहतात रे," मावशी म्हणाली. "तीन कशी आणलीस?"

त्याने खाली वाकून दोन दांडे राइनाच्या उशाशी ठेवले. तिसरा हातातच राहिला.

"त्या दिवशी तू पाणी आणायला आत गेलीस," तो म्हणाला, "आणि मी अंगठ्याएवढा तुकडा खिशात घातला. मला वाटलं, तू मुद्दाम पाठ फिरवलीस."

"मी खरंच पाणी आणायला गेले होते."

"मग मी खरंच चोर. वसंतात सांगणार होतो, पण तो तुकडा तेव्हा उगवला नव्हता. तू थांबवलंस... आणि मीही थांबलो. खोटी आशा लावायला भीती वाटली. रोज मातीत बोट घालून बघायचो. पुन्हा तुझ्यासमोर रिकाम्या हाताने यायचं धाडस नव्हतं."

नेवेना कबरीकडे बघत राहिली. त्या पाकळ्यांपैकी एक अजून किंचित पिवळसर होती, सायीसारखी.

"आणि हे?" तिने तिसऱ्या दांड्याकडे बोट केलं.

"हे जिवंत माणसासाठी."

तिने फूल घेतलं. डोळे भरून आले, ओठ उघडले, आणि त्याने घाईने मान हलवली.

"आभार नको मानूस. अजून मूळ धरायचंय."

तेव्हा तिला पाण्याच्या तांब्याची ती सकाळ आठवली, आणि त्याचे मिटलेले ओठ.

त्सोनामावशीने रीतीप्रमाणे वाइनचे थेंब मातीवर शिंपडले आणि एकाएकी तिला दुसऱ्या कबरीवरचं गवत उपटायचं आठवलं. नेवेनाने डोक्यावरचा काळा रुमाल सोडला, घडी करून आईच्या दगडावर ठेवला.

मग ती वळली. दामयानकडे पाठ करून उभी राहिली, एक हात जरा मागे सोडून.

"चुलीवर दूध ठेवलंय," ती हळूच म्हणाली, आणि जागची हलली नाही.