एकतीस स्क्रू

आमच्या घरात कॉम्प्युटर आला तो तुकड्यातुकड्यांनी. त्याच्या आठच दिवस आधी बाबा अख्खे घरी आले होते.

दोन हजार एकचा मे महिना. विरार पूर्वेला फुलपाड्यात तिसऱ्या मजल्यावर आमचा फ्लॅट. बाबा, म्हणजे हरिश्चंद्र, अंधेरीच्या एका कारखान्यात सव्वीस वर्षं मेंटेनन्स फिटर होते. कारखान्याने त्यांना स्वेच्छानिवृत्ती दिली. त्यात निवृत्ती होती. स्वेच्छा कोणाची, ते पत्रात लिहिलं नव्हतं. ‘अतिरिक्त मनुष्यबळ’ असा शब्द मात्र होता. बाबांनी तो मला मोठ्याने वाचायला लावला, ‘मराठी शुद्ध आहे’ म्हणाले आणि पत्र टीव्हीच्या कव्हराखाली सरकवलं.

मी बी.एस्सी. होऊन वर्षभर घरीच बसलो होतो. म्हणजे आता दोन धडधाकट पुरुष दिवसाउजेडी घरात. आई आम्हाला फर्निचर समजून आमच्या कडेकडेने केर काढायची.

नोकरी हवी तर कॉम्प्युटर यायला हवा, असं तेव्हा सगळे सांगत. कॉलेजातला माझा मित्र ॲन्सेल्म माणिकपूरला चर्चच्या मागे, घराच्या पडवीत, कॉम्प्युटर जोडून विकायचा. तो म्हणाला, “तयार नको घेऊ. सुटे पार्ट देतो, घरी जोड. पुढे कुठे इंटरव्ह्यूला सांगता तरी येईल, आपण एक जोडलाय म्हणून.”

“आणि नाही चालला तर?”

“तर सांगू नको.”

दोन खोकी आणि एक मॉनिटर घेऊन मी रिक्षाने घरी आलो. बाबा दारातच उभे होते. दाढी करून, कारखान्यात घालायचे तो निळा शर्ट घालून. पत्र आल्यापासून त्यांनी तो पहिल्यांदाच घातला होता.

“कागद पसर,” ते म्हणाले.

बाबांची एक पद्धत होती. मशीन उघडायच्या आधी स्क्रू मोजायचे, एका वाटीत ठेवायचे आणि आकडा खडूने जमिनीवर लिहायचा. काम संपलं की वाटी रिकामी पाहिजे. ते सांगायचे, “उरलेला नट म्हणजे पुढचा अपघात. मशीनमध्ये जास्तीचं काही नसतं. बनवणारा वेडा नसतो.” हे मी लहानपणापासून ऐकत आलो होतो. टीव्हीच्या कव्हराखालचं ते पत्र आल्यानंतर मात्र हे वाक्य ते दिवसातून दोनदा म्हणायला लागले होते. समोर मशीन असो वा नसो. एकदा जेवताना म्हणाले. आईला वाटलं, आमटीत काही सापडलं.

हॉलमधल्या फरशीवर बाबांनी लिहिलं : ३१.

ॲन्सेल्मने दिलेली चिठ्ठी मी वाचत होतो, बाबा बसवत होते. मदरबोर्ड. प्रोसेसर, त्यावर टूथपेस्टसारखी पांढरी पेस्ट. त्यावर पंखा. मेमरीची पट्टी, हार्डडिस्क, फ्लॉपी, सीडी. बाबांनी आयुष्यात कॉम्प्युटरला हात लावला नव्हता, पण त्यांची बोटं कुठेही अडली नाहीत. मला ते बघून बरं वाटत होतं आणि थोडी लाजही वाटत होती, कारण बी.एस्सी. मी होतो.

आईने मॉनिटरला हळदकुंकू लावलं. बटण दाबलं. एकदा ‘टीं’ वाजलं, काळ्या पडद्यावर पांढरे आकडे पळाले. आई म्हणाली, “दिसतंय की.”

बाबा पडद्याकडे बघतच नव्हते. ते वाटीत बघत होते. वाटीत एक स्क्रू होता.

“एक कुठेतरी राहिला,” मी म्हणालो. “चालतंय ना पण.”

बाबांनी मशीन बंद केलं आणि पुन्हा उघडलं. मदरबोर्डच्या कोपऱ्यातलं एक भोक रिकामं होतं. बाबा म्हणाले, “हा मी बसवला होता.” मला वाटलं, वय. त्यांनी तो पुन्हा बसवला, मला हात लावून बघायला लावलं. मी बघितलं. घट्ट होता. झाकण लावलं, मागचे चार स्क्रू आवळले.

कागदावर पंखा पडलेला होता.

प्रोसेसरवरचा. चारही स्क्रू त्याच्या शेजारी, एका ओळीत.

पंखा बसवताना मी चिठ्ठी वाचली होती, बाबांनी ‘बसला’ म्हटलं होतं आणि पाच मिनिटांपूर्वीच मी तो जागेवर बसलेला पाहिला होता. बटण दाबलं. टीं. मशीन सुरू झालं. पंख्याचा आवाज येत होता.

“घाईत झालं असेल,” मी म्हणालो.

“कोणाच्या घाईत?” बाबांनी विचारलं. आमच्यापैकी कोणालाही कुठे जायचं नव्हतं, हे खरंच होतं.

पुढचे दहा-बारा दिवस असेच गेले. बाबा सकाळी पाणी भरायचे, चहा घ्यायचे, निळा शर्ट घालायचे आणि मशीन उघडायचे. उरलेला भाग जागी बसवायचे, झाकण लावायचे आणि कागदावर त्याच्यापेक्षा मोठं काहीतरी उरलेलं असायचं. पंख्यानंतर फ्लॉपी. मग मेमरीची पट्टी. मग हार्डडिस्क. दुपारी मी त्याच मशीनवर टायपिंग शिकायचो. आदल्या दिवशी लिहिलेलं सगळं जागेवर असायचं. ज्या हार्डडिस्कवर ते साठवलं होतं ती माझ्या मांडीशेजारी, आईने तिच्यावर धूळ बसू नये म्हणून घातलेल्या रुमालाखाली.

वीज मात्र त्याला लागायची. वीज गेली की तोही बंद पडायचा. त्याचा मला फार आधार वाटायचा.

ॲन्सेल्मला बोलावलं. त्याने मेमरीची पट्टी हातात घेतली, पडद्यावर चौसष्ट एमबी मोजली जाताना पाहिली, पट्टीकडे पुन्हा पाहिलं.

“अर्थिंगचा प्रॉब्लेम असणार,” तो म्हणाला.

“अर्थिंगने असं होतं?”

“नाही.”

त्याने चहा अर्धा ठेवला. बाबा त्याला म्हणाले, “तू देताना नीट मोजून दिलं होतंस ना रे? जास्तीचं काही नव्हतं ना?”

“काका, कंपनी जास्तीचं कशाला देईल?”

“मग हे बाहेर कसं राहतं?”

ॲन्सेल्म चपला घालत होता. “काका, हा बंद करून माझ्याकडे पाठवा. मी दुसरा देतो. पण आता उघडू नका.” जिन्यात मला हळूच म्हणाला, “तुझे वडील त्याच्यासमोर असे काय बसतात रे? मेलेल्या माणसाजवळ बसतात तसे.”

मी ते बाबांना सांगितलं नाही. मी दुसरंच काहीतरी बोललो. मला त्या आठवड्यात माणिकपूरच्या एका ऑफिसात डेटा एंट्रीच्या परीक्षेला बोलावलं होतं, सराव हवा होता, आणि बाबा दररोज अर्धा दिवस मशीन उघडं टाकून बसत. मी म्हणालो, “बाबा, ते चालतंय. तुम्ही बसवा नाहीतर बसवू नका, ते चालतंय. मग कशाला रोज रोज?”

बाबांनी हातातला स्क्रू ड्रायव्हर पुसला. “शेवटच्या दिवशी साहेबपण असंच म्हणाले. मी म्हटलं, कन्व्हेयरचा आवाज बदललाय, बेअरिंग बघायला हवं. ते म्हणाले, हरिश्चंद्र, चालतंय ना? मग सोडा. तीन आठवडे होत आले. बंद पडलं असतं तर मला बोलावलं असतं.”

फोन तर वाजला नव्हता. मी विनोद करायचा म्हणून म्हणालो, “आपला फोनच बंद असेल.” बाबांनी उठून रिसीव्हर उचलला, कानाला लावला, खाली ठेवला.

“चालू आहे,” ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी अकरा वाजता आई भाजीला गेली होती. बाबांनी मशीन उघडलं आणि म्हणाले, “आज काहीच बसवायचं नाही.”

त्यांनी सगळं काढलं. एकतीसच्या एकतीस स्क्रू वाटीत. मदरबोर्ड, प्रोसेसर, ज्याच्यातून वीज येते तो सप्लायचा डबासुद्धा. सगळं कागदावर ओळीने मांडलं. उरला तो नुसता पत्र्याचा डबा. मॉनिटरची वायर मागच्या भोकातून आत गेली होती आणि तिचं टोक आत लोंबत होतं.

“दाब,” बाबा म्हणाले.

मी दाबलं नाही. त्यांनी दाबलं.

टीं.

पांढरे आकडे पळाले. चौसष्ट एमबी. मग निळं आकाश, ढग, माझ्या फायली.

बाबांनी डब्यात हात घातला. कोपरापर्यंत. आत काहीतरी चाचपडावं तसा हात फिरवला.

“गरम आहे,” ते म्हणाले.

“बाबा, हात काढा.”

“म्हणजे ह्याला काहीच लागत नाही.” हे ते चिडून म्हणाले नाहीत. शेजारच्या मशीनवरचा माणूस आपल्यापेक्षा चांगलं काम करतो, हे कळल्यावर माणूस जसं म्हणेल तसं म्हणाले.

दाराची बेल वाजली. गॅसवाला होता. मी सिलिंडर आत घेतला, सही केली. दार उघडं होतं आणि मी दारातच होतो. सगळं मिळून दोन मिनिटं.

परत वळलो तेव्हा झाकण लागलेलं होतं.

मागचे चार स्क्रू आवळलेले. वाटीत सत्तावीस.

कागदावर सगळे भाग होते तसेच. त्यांच्या ओळीत, शेवटी, निळा शर्ट. घडी घातलेला.

मी दोन्ही खोल्या पाहिल्या. संडास पाहिला. खिडक्यांना गज आहेत, तरी खाली वाकून पाहिलं. मग मी ते चार स्क्रू काढले. आत पत्रा होता आणि वायरचं टोक.

पोलिसांत तक्रार दिली. हवालदाराने विचारलं, घरात भांडण? नाही. आजार? नाही. नोकरी? मी पत्र दाखवलं. त्याने ‘अच्छा’ म्हटलं आणि फाइल मिटली. आम्ही राजोडीच्या किनाऱ्यापर्यंत जाऊन आलो, फोटो दाखवत. आई दोन दिवस नुसती दाराकडे तोंड करून बसली होती.

तिसऱ्या दिवशी सकाळी पिंप भरलेलं होतं.

आमच्याकडे पाणी पहाटे चाळीस मिनिटं यायचं आणि ते भरणं हे बाबांचं काम. आईने विचारलं, “तू भरलंस?” मी नाही म्हटलं. तिनेही भरलं नव्हतं. चौथ्या दिवशीही भरलेलं. पेपर वाचून, बाबा घालायचे तशी उभी घडी घालून ठेवलेला. गॅलरीतल्या बल्बचं होल्डर बरेच दिवस सैल होतं, ते घट्ट झालं. आईने एकदा सवयीने चहाचा तिसरा कप ओतला आणि खिडकीत ठेवला. भांडी घासताना तो रिकामा मिळाला. मग ती रोज ओतायला लागली.

मी एकदा रात्रभर पिंपाशेजारी बसायचं ठरवलं. आई म्हणाली, “कशाला?”

“बघायला.”

“घर चालतंय ना रे,” ती म्हणाली. “मग सोड.”

आणि मी सोडलं. हे मी अभिमानाने सांगत नाही. महिन्याभराने आम्ही पोलिस ठाण्यात जाणं बंद केलं. दिवाळीपर्यंत शेजारी विचारायचे बंद झाले. मला ती नोकरी लागली. मुलाखतीत विचारलं, कॉम्प्युटर येतो का? मी म्हणालो, घरी एक जोडलाय. ते खूश झाले. रोज साडेनऊला हजेरीची सही, संध्याकाळपर्यंत फॉर्मांवरची नावं आणि पत्ते मशीनमध्ये भरायचे. विचार करायचा नाही, फक्त भरायचं. हे काम कोणीही करू शकेल, असं मी पहिल्याच दिवशी म्हणालो होतो आणि सगळे हसले होते.

फेब्रुवारीत मला ताप आला. तीन दिवस मी अंथरुणातून उठलो नाही. आई कपाळावर ओल्या पट्ट्या ठेवत होती, पेज भरवत होती. ऑफिसला कळवायचंही राहून गेलं. चौथ्या दिवशी घाबरत गेलो, कारण न सांगता रजा म्हणजे नोकरी गेलीच.

हजेरीच्या वहीत तिन्ही दिवस माझी सही होती. अक्षर माझंच. ‘श्रीरंग’मधला ‘श्री’ मी घाईत जसा मोडतो, तसाच मोडलेला.

आमच्या वरिष्ठ, सलोनी मॅडम, टेबलापाशी थांबल्या. “श्रीरंग, तीन दिवसांत एक चूक नाही हं तुमची. पूर्वी फार व्हायच्या. असंच ठेवा.”

मी हो म्हणालो. दुसरं काय म्हणणार?

संध्याकाळी घरी आलो. आई ओट्यापाशी माझा डबा घासत होती. आज मी डबा नेला नव्हता, आणि तापात तर तिने भरवलेल्या पेजेशिवाय काही खाल्लं नव्हतं.

“तिन्ही दिवस सगळं संपवलंस,” ती माझ्याकडे न बघता म्हणाली. किती महिन्यांनी तिचा आवाज असा खूश होता. “कारलंसुद्धा.”

मी कारलं खात नाही.