नवरदेवाच्या मांडवातला निळा पुरावा

"मी फाटक उघडं टाकलं नव्हतं! एक मिनिटसुद्धा नाही!"

बार्नीचा चेहरा लालबुंद झाला होता. लिलीपिली प्राणी उद्यानाचे व्यवस्थापक हॅल्डेनकाका कमरेवर हात ठेवून त्याच्यासमोर उभे होते आणि त्यांच्या मागे पोटोरूंचं आवार रिकामं पडलं होतं. काल संध्याकाळी तिथे तीन पोटोरू होते. सशाएवढे, लांब नाकाचे, कांगारूसारखे टुणटुण उड्या मारणारे. आज सकाळी एकही नव्हता!

"मग गेले कुठे? पंख फुटले त्यांना?" हॅल्डेनकाका म्हणाले. "काल त्यांचं खाणं तू आत ठेवलंस. तेव्हाच फाटक उघडं राहिलं असणार, आणि ते तुझ्या पायांमधून सटकले असणार."

"पण कुंपण कुठे तुटलं नाही ना?" बार्नीची मोठी बहीण तामसिन हिने विचारलं.

"कुंपण?" शेजारी उभा असलेला डगन हसला. उद्यानातली दुरुस्तीची सगळी कामं तोच करायचा. "अगं पोरी, जानेवारीत नवंकोरं घातलंय मी. आत्ता पुन्हा फिरून पाहिलं. मुंगी शिरायची नाही त्यातून!"

हॅल्डेनकाकांनी सुस्कारा सोडला. "बाहेर रानात कोल्हे आहेत, बार्नी. बिचारे एक रात्रसुद्धा तगायचे नाहीत. आजपासून तुम्ही तिघांनी कुठल्याही आवारात पाऊल टाकायचं नाही. पाहुण्यांसारखं रस्त्यावरून बघायचं. कळलं?"

"तिघांनी? मी तर काल आजारी कोआलाजवळ होतो!" तिसरा म्हणाला. तो होता डिमी, तामसिनच्या वर्गातला. पण काका केव्हाच पाठ फिरवून निघून गेले होते.

सप्टेंबरची, वसंतातली सुट्टी लागली की तामसिन आणि बार्नी व्हिवमावशीकडे येत. मावशी या उद्यानात प्राण्यांची देखभाल करायची आणि मागच्याच टेकाडावर राहायची. यंदा डिमीही बरोबर आला होता. चारा टाका, पाणी भरा, छोट्या कांगारूंसारख्या वॉलबींच्या मागे झाडू मारा, अशी मजा चालली होती. आणि नेमकी आज मावशी त्या आजारी कोआलाला घेऊन शहरातल्या डॉक्टरांकडे गेलेली! तिच्याशिवाय या मुलांचं ऐकणार कोण?

तिघं कॅन्टीनमागच्या बाकावर जाऊन बसले. डिमीने खिशातून चुरगळलेली पिशवी काढली.

"घे, माझा सॉसेज रोल घे. अर्धाच खाल्लाय."

"नको," बार्नी म्हणाला.

तामसिन आणि डिमीने एकमेकांकडे पाहिलं. बार्नी खायला नको म्हणतोय? म्हणजे प्रकरण गंभीर होतं!

"मी खरंच कडी लावली होती गं, ताई," बार्नी हळूच म्हणाला. "आत गेल्यावरही आणि बाहेर आल्यावरही. आणि आता कोल्ह्याने जर त्यांना…"

"माझा विश्वास आहे तुझ्यावर," तामसिन म्हणाली. "तू मोजे हरवतोस, डबा हरवतोस, पण प्राण्यांच्या बाबतीत कधी हयगय केली नाहीस. मग ते गेले कसे, ते आपणच शोधू या."

"रस्त्यावरून?" डिमीने विचारलं.

"रस्त्यावरून! बघायला कुणी बंदी केली आहे का?"

तेवढ्यात झुडपातून खर्र-खर्र असा आवाज आला. एखादं जुनं यंत्र बिघडावं तसा! बार्नीनेसुद्धा मान वर केली.

"नवरदेव आला!"

नवरदेव म्हणजे या झुडपात राहणारा बोवरबर्ड. काळानिळा, चकचकीत, भलताच ऐटबाज पक्षी. दर वसंतात तो जमिनीवर काड्यांचा छोटासा मांडव उभारायचा आणि वधूला भुलवण्यासाठी त्याच्यापुढे निळ्या वस्तूंची आरास मांडायचा. पोपटाची निळी पिसं, निळे चिमटे, निळी झाकणं. फक्त निळं! दुसरा रंग त्याला खपत नसे.

तिघं गवतावर पालथे पडून बघू लागले. चोचीत काहीतरी धरून नवरदेव टुणकन मांडवासमोर आला, ती वस्तू खाली ठेवली, मान तिरकी करून पाहिलं, मग तिला दोन बोटं डावीकडे सरकवलं.

"माझी आई सोफ्याच्या उशा अशाच लावते," डिमी कुजबुजला.

"शू! त्याने काय आणलंय बघ," तामसिन म्हणाली. "परवा त्याच्याकडे अशी पट्टी एकसुद्धा नव्हती. आता बघ किती आहेत!"

निळ्या प्लास्टिकच्या पट्ट्या होत्या त्या. तारा आवळून बांधायला वापरतात ते केबल टाय. पण सगळे तुटलेले!

"कुणीतरी कचऱ्यात टाकले असतील," बार्नी म्हणाला.

"कचऱ्यातले कापलेले असतात, त्यांची टोकं सरळ असतात," डिमी डोळे बारीक करून म्हणाला. "हे तर ताणून तटकन तुटलेत. आणि त्यांना काय चिकटलंय बघा. केस! तपकिरी, राठ केस!"

"तुझ्या दादाच्या दाढीचे असतील," बार्नी म्हणाला. तामसिनला बरं वाटलं. बार्नीला विनोद सुचायला लागले होते!

"पण हे तो आणतोय कुठून?" तिने विचारलं.

उत्तर नवरदेवानेच दिलं. तो भुर्रकन उडाला आणि वाट ओलांडून ग्लॅडिसच्या आवारात उतरला. ग्लॅडिस म्हणजे उद्यानातली सगळ्यात वयस्कर, सगळ्यात लठ्ठ आणि सगळ्यात चिडकी वॉम्बॅट, अस्वलाच्या पिल्लासारखी दिसणारी, बिळात राहणारी. मुलं धावत रस्त्याच्या कठड्यापाशी गेली. पलीकडच्या नेच्यांच्या झुडपात शिरून नवरदेव काहीतरी ओढत होता.

"त्या नेच्यांच्या मागे काय आहे?" डिमीने विचारलं.

तामसिनचे डोळे चमकले. "पोटोरूंचं मागचं कुंपण! दोन्ही आवारांच्या मध्ये तेच एक कुंपण आहे!"

वारा आला, नेचे हलले आणि क्षणभर स्पष्ट दिसलं. जाळीची खालची कड जमिनीपासून उचलली गेली होती. एका बाजूला दोन निळे टाय कसेबसे तग धरून होते, आणि बाकीची कड मोकळी लोंबत होती. जाळीला तपकिरी केसांचे पुंजके अडकले होते.

"ग्लॅडिसबाईंना पाठ खाजवायची सवय आहे," डिमी म्हणाला. "रोज तिथे घासत असणार. उन्हाने ठिसूळ झालेले टाय तुटले, आणि पोटोरू इकडे आले! बार्नी, तुझं फाटक निर्दोष सुटलं रे!"

"पण मग ते इथे का नाहीत?" बार्नीने विचारलं. "या आवाराची बाहेरची भिंत तर दगडी आहे. इथून पुढे जाणार कुठे?"

तिघांनी आवारभर नजर फिरवली. गवत, ओंडका, पाण्याचं टाकं. आणि ऐन उन्हात, स्वतःच्या बिळाच्या तोंडाशी, पाय ताणून झोपलेली ग्लॅडिस!

"एक मिनिट," बार्नी सावकाश म्हणाला. "मावशी म्हणते वॉम्बॅटला ऊन सोसत नाही. दिवसभर ती बिळातच घोरत असते. मग आज बाहेर का झोपली आहे?"

"कारण घरात पाहुणे आलेत!" तामसिन ओरडलीच. "आणि तिला जागा उरली नाही!"

"चला, हॅल्डेनकाकांना सांगू!" बार्नी पळत सुटणार तोच डिमीने त्याची कॉलर धरली.

"थांब, वेड्या! डगन म्हणेल की आपणच जाळी उचकटली. सकाळपासून आपण गुन्हेगार आहोत, विसरलास? ते टाय त्यानेच लावले, हे त्याच्या तोंडून वदवायला हवं."

मग तिघांची डोकी एकत्र आली. जरा कुजबुज झाली, जरा भांडण झालं, आणि बेत ठरला.

नवरदेवाच्या मांडवातून त्यांनी मूठभर तुटके टाय उचलले. "चोरी नको, अदलाबदल!" म्हणत डिमीने खिशातलं स्वतःचं निळं पेन तिथे ठेवलं. झुडपातून नवरदेवाने त्याला जी काही शिवी हासडली, ती ऐकून बार्नी पोट धरून हसला.

दुपारचा चहा कामगारांच्या ओसरीवर व्हायचा. हॅल्डेनकाका आपला चहाचा मग घेऊन बसले होते, डगन बिस्किट बुडवत होता. त्याची हत्यारांची पेटी उघडीच होती. तामसिन भोळा चेहरा करून जवळ गेली आणि पेटीतला एक निळा टाय तिने उचलला.

"डगनकाका, असा एक देता का? सायकलला टोपली बांधायची आहे."

"घे की! दोन घे."

"कशाला घेतेस?" डिमीने नाक मुरडलं. "प्लास्टिकचं खेळणं आहे ते. दोन काकड्या ठेवल्यास की तुटेल."

"तुटेल?" डगनचं बिस्किट चहात पडलं. "अरे पोरा, काय समजतोस तू! कांगारूने लाथ मारली तरी तुटत नाही हा!"

"टोपलीपुरता ठीक असेल हो," तामसिन गोड आवाजात म्हणाली. "पण मोठ्या कामाला नसेल चालत."

"मोठ्या कामाला? पोटोरूंच्या मागच्या कुंपणाची अख्खी कड बांधलीय मी यांनी! जानेवारीपासून एक तरी तुटलाय का?"

हॅल्डेनकाकांनी हातातला मग खाली ठेवला.

"डगन, तिथे पोलादी क्लिपा लावायचं ठरलं होतं ना?"

"हो… म्हणजे… त्या तेव्हा संपल्या होत्या. म्हटलं, सध्यापुरतं बांधू, नंतर बदलू…"

"आणि आज सकाळी तू फिरून पाहिलंस?"

"पुढची बाजू पाहिली. मागे नेचे फार माजलेत हो…"

बार्नी पुढे झाला आणि त्याने मूठ टेबलावर उघडली. तुटके निळे टाय खडखड करत मगांभोवती पसरले.

"एक नाही काका, एवढे तुटलेत," तो म्हणाला. "आणि फाटक मी लावलं होतं."

हॅल्डेनकाका टायांकडे पाहत राहिले. मग डगनकडे. डगनच्या कानाच्या पाळ्या तांबड्या झाल्या. तो उठला, पेटी उचलली आणि पोलादी क्लिपा शोधायला कोठाराकडे चालू लागला.

व्हिवमावशी परतली तेव्हा ऊन उतरलं होतं. सगळी हकीकत ऐकून तिने गाडीतून उतरता उतरताच रताळ्याचे तुकडे मागवले. ग्लॅडिसच्या बिळाबाहेर ते पसरून सगळे ओंडक्यामागे दबा धरून बसले. या वेळी मुलं आवाराच्या आत होती, आणि हॅल्डेनकाका स्वतः फाटकाची कडी धरून बसले होते!

किती तरी वेळ काहीच झालं नाही. टेकडीवर कुकाबरा पक्षी माणसांसारखे खदाखदा हसले आणि गप्प झाले. बार्नीने ताईचा हात घट्ट धरला होता. कोल्हा, कोल्हा, एवढंच त्याच्या डोक्यात फिरत होतं. आपला अंदाज चुकला असेल तर?

बिळाच्या काळोखातून एक लांब नाक बाहेर आलं.

ते वळवळलं. वास घेतला. मग टुणकन पोटोरू बाहेर! त्याच्या मागे दुसरा! दोघं रताळं पुढच्या पायांत धरून कुरुकुरू खाऊ लागले. तिसरी, एक मादी, सगळ्यांत शेवटी, अगदी जपून बाहेर आली. ग्लॅडिसने डोळा उघडून पाहिलं, घर रिकामं झालंय याची खात्री केली आणि फुसफुसत, पोटोरूंच्या मधून वाट काढत थेट आत शिरली. आतून थोड्याच वेळात घोरणं ऐकू आलं!

हॅल्डेनकाका उठून बार्नीसमोर आले आणि त्याच्या उंचीला गुडघ्यावर बसले.

"मी न बघताच तुला दोषी ठरवलं, बार्नी. चुकलंच माझं. जे मोठ्यांनी बघायला हवं होतं, ते तुम्ही रस्त्यावरून बघितलंत. उद्यापासून हव्या त्या आवारात जा. तिघंही!"

डगननेही टोपी काढली. "नेच्यांच्या मागेसुद्धा बघत जाईन आता," तो पुटपुटला. "आणि पोरांनो, कधी सायकलला काही बांधायचं असलं तर… पोलादी क्लिप देईन."

सगळे हसले. व्हिवमावशीने तिघांना एकदम कवेत घेतलं.

"शाबास रे माझ्या वाघांनो! तुमच्या डोळ्यांमुळे आज चार जीव वाचले!"

"चार?" डिमी म्हणाला. "मावशी, तीन! शहरात जाऊन मोजणं विसरलीस की काय?"

मावशीने ओठांवर बोट ठेवलं आणि जपून चालणाऱ्या त्या मादीकडे खूण केली. तिच्या पोटाची पिशवी हलत होती. हलता हलता तिची कड जराशी उघडली आणि बोटाच्या पेराएवढं गुलाबी नाक बाहेर डोकावलं.

"चार!" तिघं एका श्वासात म्हणाले.